आपला तो बाब्या, रॅपरचं ते कार्टं

गेल्या अंकात अमेरिकन रॅपची ओळख करून दिल्यावर बरीच पत्रं आली. एवढ्या शिव्या, बंदुका आणि बायकांची विटंबना असलेल्या गाण्यांना तुम्ही कला कशी म्हणता, असं काहींनी विचारलं. काहींनी नेमका उलटा जाब विचारला: हेच सगळं इतर गाण्यांत खपतं, मग रॅपलाच का झोडपता? दोन्हीकडच्या पत्रांत दम आहे, म्हणून या वेळचं अख्खं सदर याच विषयाला.

प्रश्न : लोक चिडतात ते शब्दांवर. तेच शब्द गोऱ्या गायकाने म्हटले असते तरी तेवढीच ओरड झाली असती. दुटप्पीपणाचा पुरावा काय?

तेवढी ओरड झाली नसती, आणि हे तपासून पाहिलेलं आहे. १९९६ साली कॅरी फ्राईड या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंचे दोन साधे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी किंग्स्टन ट्रायो या गोऱ्या त्रिकुटाच्या १९६०च्या एका गाण्यातल्या ओळी घेतल्या. गाण्यातला माणूस संध्याकाळी भटकत असतो, डोकं फिरलेलं असतं, समोर आलेल्या डेप्युटीला, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाला, तो गोळी घालतो. मग चालत घरी येतो आणि पिस्तूल उशाखाली ठेवून झोपतो. का मारलं ते सांगत नाही, पश्चात्तापाचा तर शब्दही नाही.

या ओळी लोकांना नुसत्या कागदावर वाचायला दिल्या. चाल नाही, ठेका नाही, आवाज नाही. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्यांचं ग्रामीण वळणाचं संगीत, काहींना लोकगीत. दुसऱ्या प्रयोगात गायक काळा की गोरा एवढंच बदललं. रॅप म्हणून किंवा काळ्या गायकाच्या म्हणून वाचलेल्या ओळी लोकांना जास्त आक्षेपार्ह वाटल्या. त्यांच्या परिणामांची काळजी जास्त वाटली, आणि सरकारने यावर काही बंधन घालावं याला पाठिंबाही जास्त मिळाला. कंट्री, लोकगीत किंवा गोरा गायक म्हटलं की प्रत्येक बाबतीत नापसंती उतरली. अक्षर न् अक्षर तेच होतं.

वीस वर्षांनी, २०१६मध्ये, ॲडम डनबार, चॅरिस क्युब्रिन आणि निकोलस स्क्युरिच यांनी याच धर्तीवर पुन्हा प्रयोग केले. त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली: रॅप म्हटल्यावर तेच शब्द लोकांना जास्त शब्दशः खरे वाटतात. आमच्या मते सगळ्या वादाची नाडी इथेच सापडते. बाकी गाण्यांतला ‘मी’ आपण पात्र म्हणून ऐकतो, रॅपमधला ‘मी’ मात्र कबुलीजबाब म्हणून.

प्रश्न : ऐंशीच्या दशकात हेवी मेटल या कर्कश गिटारच्या रॉकवरही लोक तुटून पडले होते. ते तर गोरेच होते. मग यात वंश कुठून आला?

प्रश्न रास्त आहे. १९८५मध्ये टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या इतर काही राजकारण्यांच्या पत्नींनी पालकांची एक संघटना काढली आणि पंधरा ‘घाणेरड्या’ गाण्यांची यादी केली. तिच्यात प्रिन्स होता, मॅडोना होती, जूडास प्रीस्ट आणि ट्विस्टेड सिस्टर हे मेटल बँड होते. रॅपचं एकही गाणं नव्हतं. त्या वर्षी १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणीही झाली. तेव्हा फक्त रॅपलाच लक्ष्य केलं जातं, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

पण आरोपाची जात वेगळी होती. समाजशास्त्रज्ञ एमी बाइंडर यांनी १९८५ ते १९९० या काळात अमेरिकी वृत्तपत्रं-मासिकांत आलेला मजकूर तपासला. मेटलबद्दलचा सूर असा: हे ऐकून आमची मुलं बिघडतील, जीव देतील, त्यांना वाचवा. रॅपबद्दलचा सूर असा: हे ऐकणारी पोरं बाहेर पडून दुसऱ्यांवर हात टाकतील, आम्हाला वाचवा. एका ठिकाणी ऐकणारा बिचारा, दुसऱ्या ठिकाणी ऐकणाराच धोका. पुढे यातूनच मेटलला पालकांना इशारा देणारं लेबल लागलं आणि रॅपला पोलीस.

१९८९च्या ऑगस्टमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या पोलिसांविरुद्धच्या गाण्यावरून एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला थेट नापसंतीचं पत्र धाडलं होतं. १९९२चं ‘कॉप किलर’, म्हणजे ‘पोलिसांना मारणारा’, या गाण्याचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. बॉडी काउंट हा मेटल बँड, वाद्यं मेटलची, गाणं मेटलचं. पण गायक आइस-टी रॅपर म्हणून प्रसिद्ध, म्हणून देशभर त्याचा उल्लेख रॅप म्हणूनच झाला. टेक्सासमधल्या पोलीस संघटनेने रेकॉर्ड कंपनीची मालक असलेल्या टाइम वॉर्नरवर बहिष्काराची हाक दिली आणि जुलैअखेर ते गाणं अल्बममधून निघालं. याउलट, शेरीफला गोळी घातल्याचं बॉब मार्ली या जमैकन गायकाचं गाणं गोऱ्या एरिक क्लॅप्टनने १९७४मध्ये गायलं होतं, आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं.

प्रश्न : पण रॅपर स्वतःच छाती ठोकून सांगतात, ‘हे माझं खरं आयुष्य आहे.’ मग आम्ही खरं मानलं तर चुकलो कुठे?

रॅपच्या बाजूने बोलणारे या प्रश्नाला बगल देतात, म्हणून सविस्तर.

खरेपणाचा दावा हा या प्रकाराचा एक अलंकार आहे. ‘मी रस्त्यावरून आलो, मी हे भोगलंय’ हे म्हणावंच लागतं, नाहीतर ऐकणारा दाद देत नाही. रेकॉर्ड कंपन्याही तेच विकतात. त्याच्या जोडीला अतिशयोक्ती येते. रॅपच्या जुगलबंदीत ‘मी त्याला मारून टाकलं’ याचा अर्थ ‘शब्दांत हरवलं’ असा असतो. माइकचा, ठेक्याचा, समोरच्या रॅपरचा ‘खून’ करणं ही रोजची भाषा आहे. कलाकार बहुतेक वेळा टोपणनावाने गातो, म्हणजे पात्र दारातच उभं केलेलं असतं.

आता कंट्रीतलं उदाहरण घ्या. जॉनी कॅशच्या १९५५च्या ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’मध्ये गाणारा म्हणतो की, रेनो शहरात त्याने एका माणसाला गोळी घातली, नुसता तो मरताना बघायला. कॅश कधीही तुरुंगाची शिक्षा भोगलेला नव्हता. फार तर एखादी रात्र कोठडीत. १३ जानेवारी १९६८ला त्याने खऱ्याखुऱ्या फॉल्सम तुरुंगात, कैद्यांपुढे हे गाणं गायलं. रेकॉर्डवर त्या ओळीनंतर कैद्यांचा जल्लोष ऐकू येतो. तो जल्लोष नंतर स्टुडिओत जोडलेला आहे. म्हणजे खुनाच्या ओळीवर टाळ्या कंपनीने स्वतः चिकटवल्या, आणि तो अल्बम अमेरिकी संगीताचा ठेवा मानला जातो. तो ठेवाच आहे, आम्हालाही तो प्रिय आहे. पण ‘मी खरा आहे’ हा आव तिथेही तितकाच होता, आणि तो आपण आव म्हणूनच घेतला.

आइस-टी २००० सालापासून दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेत पोलीस डिटेक्टिव्हचं काम करतो आहे. त्यावरून त्याला कुणी पोलीस समजत नाही.

हेही मान्य करायला हवं की काही रॅपर खरोखर गुन्ह्यांत अडकलेले आहेत आणि काही गाण्यांत खऱ्या भांडणांचे, खऱ्या मृतांचे उल्लेख असतात. तिथे ‘सगळं काल्पनिक’ म्हणून हात झटकणं हाही अप्रामाणिकपणाच. फरक करायचा तो तपशिलावरून, गाण्याच्या प्रकारावरून नव्हे.

प्रश्न : अमेरिकेत गाण्याच्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वाचतात, हे खरं का? कसं चालतं ते?

खरं आहे. सरकारी वकील साधारण तीन वाटांनी ओळी आणतात: कबुली म्हणून, धमकी म्हणून, किंवा हेतू आणि टोळीशी संबंध दाखवायला. तिसरी वाट सर्वात जास्त निसरडी. आरोपीचा स्वभावच वाईट, म्हणून गुन्हा त्यानेच केला, असं सुचवायला तिथल्या पुरावा-नियमांची मनाई आहे. पण ‘हेतू दाखवतोय’ असं म्हणून तेच आडवाटेने आत येतं. बऱ्याचदा ओळींचा अर्थ सांगायला पोलीस अधिकाऱ्यालाच ‘जाणकार’ म्हणून उभं करतात, आणि रूपकं शब्दशः उलगडली जातात.

न्यू जर्सीतला स्टेट विरुद्ध स्किनर हा खटला बघा. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप. आरोपीच्या वह्यांतल्या रॅपची १३ पानं ज्यूरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे, वाचली गेली. त्यातलं बरंच घटनेच्या आधी लिहिलेलं, काही तर तीन-चार वर्षं आधीचं. जखमी माणसाचं नाव त्यात नाही, घटनेचा तपशील नाही. शिक्षा झाली. अपील न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०१४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने कायम ठेवला. ओळींतला नेमका तपशील आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचं घट्ट नातं दिसलं, तरच ओळी चालतील, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. बॉब मार्लीने खरंच शेरीफला मारलं, किंवा भयकथा लिहिणाऱ्या एडगर ॲलन पोने खरंच फरशीखाली माणूस पुरला, असं कुणी समजत नाही, हेही निकालात लिहिलं.

कॅलिफोर्नियाने २०२२मध्ये कायदा केला, तो १ जानेवारी २०२३पासून लागू आहे. त्यात न्यायाधीशाने ज्यूरीला बाहेर ठेवून आधी ठरवायचं असतं: ओळी गुन्ह्याच्या सुमारास लिहिल्या आहेत का, गुन्ह्याशी पुरेशा जुळतात का, बाहेर कुणाला ठाऊक नसलेला तपशील त्यात आहे का. त्या कलाप्रकाराचे संकेत काय आणि त्याबद्दल पूर्वग्रह कसे काम करतात, यावरचा पुरावाही ऐकायचा असतो. हा कायदा रॅपपुरता नाही, सर्व कलांना आहे.

जॉर्जिया राज्यात यंग थग या रॅपरच्या खटल्यात मात्र न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३मध्ये ओळी अटींसह आणू दिल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याने सरकारी वकिलांशी तडजोड न होताच काही गुन्हे कबूल केले आणि काही आरोपांना आव्हान दिलं नाही. म्हणजे राज्य बदललं की माप बदलतं.

ब्रिटनमध्ये हाच प्रकार खटल्याआधीच घडतो. जून २०२१ ते मे २०२२ या वर्षात लंडनच्या पोलिसांनी समाजमाध्यमांना आणि संगीताच्या ॲपना गाणी तपासा किंवा काढा अशा २८६ विनंत्या केल्या. त्या सगळ्या ड्रिल या रॅपच्या उपप्रकाराबद्दल होत्या. २५५ मान्य झाल्या.

प्रश्न : अश्लील गाण्यांवर सरळ बंदी का नाही घालत?

घालून पाहिली. १९९०च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या संघीय न्यायाधीशांनी टू लाइव्ह क्रू या रॅप गटाचा अल्बम अश्लील ठरवला. एका दुकानदाराने तो विकला म्हणून त्याला अटक झाली आणि १,००० डॉलर दंड झाला. गटाचे कलाकार मात्र ज्यूरीपुढे निर्दोष सुटले, आणि १९९२मध्ये वरच्या न्यायालयाने मूळ निकालच उलटवला. कारण तिथे अश्लीलतेच्या तीन कसोट्या १९७३पासून ठरलेल्या आहेत आणि तिन्ही पूर्ण व्हाव्या लागतात: मजकूर कामवासना चाळवणारा, लैंगिक क्रियेचं वर्णन उघडउघड किळसवाणं, आणि एकूण कृतीला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नाही. तिसरीवर सगळं अडतं. हिंसा तर या व्याख्येत बसतच नाही.

प्रश्न : काळ्यांना हिणवणारा जो शब्द काळे रॅपर स्वतः सर्रास वापरतात तो गोऱ्याने उच्चारला तर नोकरी जाते. हा दुटप्पीपणा नाही का?

नाही. शब्दाचा अर्थ कोण कुणाला म्हणतो यावर ठरतो; सख्खा भाऊ हक्काने देतो ती शिवी रस्त्यावरच्या परक्याने दिली तर अंगावर काटा येतो. एप्रिल २००७मध्ये रेडिओवर बोलणाऱ्या डॉन आयमसने रटगर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींबद्दल वंशाची आणि बाईपणाची एकत्र नालस्ती केली, आणि लगेच ‘रॅपर तर रोज म्हणतात’ हा बचाव सुरू झाला. त्या मुलींनी कुणाचं काय बिघडवलं होतं? रॅपर चुकतात म्हणून आयमस बरोबर ठरत नाही.

मात्र रॅपरांनी ते शब्द मुलींबद्दल वापरणं त्यामुळे माफ होत नाही. पुढचं पत्र त्याच मुद्द्यावर आहे.

प्रश्न : ‘दुटप्पीपणा, दुटप्पीपणा’ म्हणत तुम्ही बायकांबद्दलच्या घाणीवर पांघरूण घालता. आम्ही बोलायचंच नाही का?

बोलायचं, आणि जोरात बोलायचं. रॅपवर अन्याय होतो हे खरं आहे, आणि बऱ्याच रॅपमध्ये बाई ही वस्तू असते हेही खरं आहे. एकाने दुसरं खोडून निघत नाही.

कसं बोलावं याचा धडा २००४च्या एप्रिलमध्ये अटलांटातल्या स्पेलमन कॉलेजच्या विद्यार्थिनींनी घालून दिला. हे काळ्या मुलींचं ऐतिहासिक कॉलेज. रॅपर नेलीची संस्था तिथे अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचं शिबिर घेणार होती. त्याच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग होता. विद्यार्थिनींनी रॅप वाईट असं म्हटलं नाही. त्यांनी एका व्हिडिओवर, त्यातल्या एका दृश्यावर बोट ठेवलं: बाईच्या नितंबांमधून क्रेडिट कार्ड ओढल्याचं दृश्य. आणि मागितली ती चर्चा: शिबिराला या, पण आमच्याशी यावर बोला. नेलीच्या संस्थेने शिबिरच रद्द केलं. शिबिर बुडाल्याचा दोष पुढे मुलींच्या माथी मारला गेला, आणि हा आम्हाला सर्वात बोचणारा दुटप्पीपणा वाटतो. त्यांनी बंदी मागितली नव्हती.

दुसरी बाजूही बघा. पुरुषांनी वर्षानुवर्षं आपल्या पराक्रमाच्या लैंगिक बढाया मारल्या. ऑगस्ट २०२०मध्ये कार्डी बी आणि मेगन दी स्टॅलियन यांनी बाईच्या इच्छेबद्दल तितक्याच उघडपणे गायलं, तर संस्कृती बुडाल्याची हाकाटी झाली. ज्यांना दोन्ही खटकतं त्यांच्याशी आमचा वाद नाही. ज्यांना फक्त दुसरंच खटकतं, त्यांना बाईचा सन्मान खटकत नसून बाईचं बोलणं खटकतंय.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. ‘एक्स्प्लिसिट’, म्हणजे शिव्या किंवा उघड लैंगिक शब्द असल्याचं लेबल लावलेली, गाणी ॲपमध्ये बंद केली की झालं का?

अर्धंच काम होतं. ते लेबल सरकारी नाही, त्यात वयाची पायरी नाही. गाण्याला ते लावायचं की नाही हे कंपनी आणि कलाकार ठरवतात. ‘क्लीन’ आवृत्तीत शिवीच्या जागी आवाज बंद करतात, शब्द उलटा फिरवतात किंवा दुसरा घालतात. गोष्ट तशीच राहते. गाळणी शब्द पकडते, अर्थ पकडत नाही.

उलट बाजूने पाहा: लूव्हिन ब्रदर्सनी १९५६मध्ये गायलेल्या एका जुन्या पारंपरिक गाण्यात प्रियकर मुलीला काठीने मारतो, ती दयेची याचना करते, तो केसांना धरून फरफटत नेऊन तिला नदीत टाकतो. शिवी एकही नाही. गाळणीला त्यात पकडायला काही सापडत नाही.

म्हणून मुलासोबत एक गाणं निवडा आणि शब्द कागदावर उतरवा. शब्दांच्या संकेतस्थळांवर चुका असतात, तेव्हा कलाकाराची अधिकृत प्रत असेल तर तीच घ्या. मग चार गोष्टी विचारा: यातला ‘मी’ कोण? कडवं याच कलाकाराचं आहे की पाहुण्याचं? कुणाला उद्देशून आहे? मार खाणाऱ्याला बोलायला एक तरी ओळ मिळाली का? हे चारही प्रश्न तुमच्या आवडत्या गाण्याला लावायचा हक्क मुलाला द्या. तो दिला नाही तर दहाव्या मिनिटाला तो कानात बोळे घालून बसेल, आणि त्याचं बरोबर असेल.

प्रश्न : आमच्या वाचक गटात पहिल्या उत्तरातल्यासारखा प्रयोग करून पाहता येईल का?

येईल. आठ ते बारा ओळींचं हिंसक, पण फारसं माहीत नसलेलं कडवं घ्या. ज्या बोलीवरून प्रकार ओळखू येईल असे शब्द त्यात नकोत. दोन प्रती करा, फरक वरच्या एकाच ओळीत: ‘हे रॅप गाणं आहे’ आणि ‘हे लोकगीत आहे’. प्रती पिसून वाटा. एकाला एकच प्रत. खाली पाच प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ गुण: किती आक्षेपार्ह, किती धोकादायक, लेखकाने हे खरंच केलं असेल असं किती वाटतं, बंधन असावं का, मुलांना ऐकू द्याल का. दोन्ही गटांची सरासरी वेगवेगळी काढा.

बिघडतं ते इथे: विषय आधीच फुटतो, मग सगळे शहाण्यासारखे गुण देतात, ‘गाण्याचे शब्द वाचून मत द्या’ याहून जास्त सांगू नका. कुणी गाणं ओळखतं, तो कागद बाजूला काढा. दहा-बारा माणसांत निघालेला फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. एका प्रतीला निदान वीस माणसं हवीत, तेव्हा दोन-तीन गट एकत्र करा. गुण देताना शेजाऱ्याशी बोलू देऊ नका. आणि कित्येकजण वरची ओळ न वाचताच पुढे जातात, म्हणून शेवटी ‘हे कोणत्या प्रकारचं गाणं होतं?’ असं विचारा, ज्यांना सांगता येणार नाही त्यांचे गुण धरू नका. हा प्रश्न मात्र कागदाच्या मागच्या बाजूला छापा, नाहीतर लोक तो आधी वाचतात आणि वर जाऊन उत्तर शोधतात.